गवळ्याची शेवटची कुस्ती

अमेरिकेतल्या कुस्तीचा वर्षातला सगळ्यांत मोठा कार्यक्रम तिकडं शनिवारी आणि रविवारी रात्री होतो, म्हणजे आपल्याकडं रविवारी आणि सोमवारी सकाळी. गेल्या वर्षीचा कार्यक्रम वाईट होता, असं माझं मत आहे. हे मत मी फार कुणाला सांगितलेलं नाही. कोल्हापुरात त्या कुस्तीचं नाव काढलं की माणसं आधी हसतात. पेठेपेठेला तालीम असलेल्या गावात ब्लाउज शिवून घर चालवणारी चाळिशीतली बाई त्या रंगीत चड्ड्यांतल्या गोऱ्यांच्या मारामाऱ्या बघते, आणि वर मला त्यातलं कळतं म्हणते, हे कुणाच्या पचनी पडत नाही.

पण मला कळतं. इतकी वर्षं बघितल्यावर कुणालाही कळेल.

पहिल्या सकाळी बायकांची कुस्ती झाली, ती मला आवडली. दोघीही शेवटी शेवटी खरोखर दमल्या होत्या, दमल्याचं नाटक करायची त्यांना गरज उरली नव्हती. शिड्या लावून सहा जणांची कुस्ती झाली तो नुसता गोंधळ. कोण कुणाच्या बाजूचा हे पंचालाही माहीत नसावं. मध्येच एक गायक येऊन गाऊन गेला, तेवढ्यात एक चांगली कुस्ती झाली असती. आखाड्याच्या चटईवरसुद्धा थंड पेयाची जाहिरात रंगवली होती, आणि माणसं तिच्यावर आपटत होती. पण हे दरवर्षीचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी कार्यक्रम वाईट म्हणते ते सोमवारच्या शेवटच्या कुस्तीमुळं. ती सांगायची तर आधी आमच्या घरातलं सांगावं लागेल.

नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. माझे मालक पैलवान होते. नेसरीकडच्या लिंगायत शेतकऱ्याचं पोर, मिसरूड फुटायच्या आधी कोल्हापूरच्या तालमीत आलेलं. बाकीची पोरं मटण-अंडी खाऊन अंग कमवायची, हे दूध, तूप आणि बदामावर. "शेंगदाणं खाऊन कुणी पैलवान हुतंय व्हय?" म्हणून त्यांना चिडवायचे. चिडवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांनी पुढं माती दाखवली. लग्न झालं तेव्हा आमच्या भागातल्या मैदानांत त्यांचं नाव पुकारलं की लोक उठून उभे राहायचे, असं म्हणतात. म्हणतात, कारण मी त्यांची कुस्ती एकदाही बघितली नाही. आमच्या घरच्या बायका मैदानाला जात नव्हत्या. माझ्या वाट्याला कुस्ती संपल्यानंतरचं यायचं: कानात अडकलेली तांबडी माती, सुजलेली बोटं, कधी बक्षिसाचा फेटा. जेवताना ते बोलतात की गप्प बसतात, यावरून जिंकले का हरले ते मी ओळखायचे.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. राधानगरीच्या वाटेवर एका गावात जत्रेचं मैदान होतं. तिथं काय झालं ते मला त्यांच्या जोडीदारानं सांगितलं. जोडीदार म्हणजे तालमीतला मित्र, ज्याच्याबरोबर ते रोज पहाटे मेहनत करायचे. समोरच्या पैलवानानं ढाक हा डाव मारायला मालकांना उचललं आणि त्याचा स्वतःचाच तोल गेला. मालक डोक्यावर पडले, आणि त्याचं सगळं वजन वरून त्यांच्या मानेवर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगीवाला वाजवतच होता. मालक उठेनात तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ऊठ की रं, झोप लागली व्हय?" आणि माणसं हसली.

मग जोडीदार आखाड्यात उतरला. त्यानं आणि आणखी तिघांनी मिळून मालकांना उचललं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. डोकं मागं लोंबत होतं. जीपमध्ये आडवं टाकून, खड्ड्याखड्ड्यांतून कोल्हापूर गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मानेचे फोटो बघितले आणि विचारलं, "ह्यांना उचललं कुणी?"

"आम्हीच," जोडीदार म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही, ना त्यांनी, ना आम्ही.

खांद्याखालचं सगळं गेलं. मान फिरायची, बोलता यायचं, हात कोपरात थोडे वाकायचे, बोटं नाहीत. बसवलं की रक्तदाब उतरायचा आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची, म्हणून दवाखान्यानं दिलेली चाकांची खुर्ची गॅलरीत पडून राहिली. पेठेतल्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली त्यांची झाली. हवेची गादी, लघवीची पिशवी, खिडकीशी माझं शिवणयंत्र. दर दोन-अडीच तासांनी मी किंवा आत्ती त्यांना कुशीवर वळवायचो. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात, आणि मालक आईला अव्वा म्हणायचे.

सुरुवातीला जोडीदार यायचा आणि मोबाईलवर कुठल्यातरी मैदानाच्या कुस्त्या लावून त्यांच्या तोंडापुढं धरायचा. "बघ भावा, कसला पट काढलाय!" मालक डोळे मिटून घ्यायचे. जोडीदाराला वाटायचं, त्यांना झोप आली. त्याला खरं कळायला बरेच दिवस गेले.

एका दुपारी मी टीव्हीवर काहीतरी शोधताना ती अमेरिकेतली कुस्ती लागली. एक माणूस दुसऱ्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घालत होता.

"ही काय कुस्ती हाय?" मालक म्हणाले. "नाटक हाय नाटक. बदल."

मी रिमोट उचलला.

"थांब जरा. त्यो टकल्या मागनं येतोय बघ."

तेव्हापासून आम्ही ती बघू लागलो. त्या पैलवानांची इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. एक थोराड, पिकल्या दाढीचा, गुडघ्याला पट्टा बांधून यायचा. आमच्या पेठेत म्हैस दारात आणून धार काढून देणारा गवळी होता, हा थेट तसाच चालायचा. त्याचं नाव गवळी. एक तरणा, केस चापून बसवलेला, कोट घालून यायचा आणि कोटाची घडी करून ठेवल्याशिवाय लढायचा नाही. तो बँकवाला. आत्ती धान्य निवडत दारात बसायच्या आणि त्यांनाही ही नावं पाठ झाली. गवळी त्यांचा लाडका. "त्याला पोटभर भाकरी घालावी वाटती," म्हणायच्या. त्यांना ती कुस्ती खरी वाटायची. आम्ही कधी सांगितलं नाही, सांगायचं कारणही पडलं नाही.

मालकांनी मला डाव शिकवले, पडल्या पडल्या, तोंडानं. पण एक गोष्ट मी त्यांना दाखवली. शिवता शिवता बघायचे म्हणून मला चेहऱ्यांपेक्षा हात जास्त दिसायचे. एक दिवस मी म्हणाले, "अहो, त्याचा हात बघा. उचलून आपटतोय, पण पडताना त्याचं डोकं आपल्या काखेत घेतोय. मान खाली लागू देत न्हाई."

मालक बराच वेळ बघत राहिले. पुढच्या दोन-तीन कुस्त्या त्यांनी नुसते हातच बघितले असावेत.

"व्हय की," शेवटी म्हणाले. "म्हंजे पाडणाऱ्याचं पयलं काम पडणाऱ्याची मान सांभाळायचं." थोड्या वेळानं म्हणाले, "दोघं मिळून एकाला पाडत्यात म्हण की."

लोक तिला खोटी कुस्ती म्हणतात. असेल. दोन माणसं आधी ठरवून एकमेकांना जायबंदी करत नाहीत, याला खोटं म्हणायचं तर मला ते खोटं चालतं. माझ्या घरात खऱ्या कुस्तीनं आडवा केलेला माणूस होता. त्यामुळं त्या गोऱ्यांना मी कधी हसले नाही. हजारो लोकांपुढं एकमेकांचे वैरी म्हणून आरडाओरडा करायचा, आणि आत हातानं दुसऱ्याचं डोकं धरून ठेवायचं, हे काम मला थोर वाटायचं.

गेल्या वर्षी जाहीर झालं होतं की शेवटची कुस्ती गवळी आणि बँकवाल्याची, आणि गवळी हरला तर तो कायमचा निवृत्त होणार. सोमवारी सकाळी जोडीदार दरवर्षीसारखा, म्हशी उभ्या करतात त्या कट्ट्यावरचं दूध किटलीत घेऊन आला. म्हशीची धार समोर काढून घेतलेली, अजून कोमट होती. आत्तींनी कपाळावर अंगाऱ्याचे पट्टे ओढले होते, त्या दारात बसल्या. मी यंत्र बंद केलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी मी शिवत नसे.

कुस्ती चांगली चालली होती. गवळ्याचं वय दिसत होतं, आणि ते तो लपवत नव्हता. बँकवाला त्याला सांभाळून घेत होता. मग ते दोघे आखाड्याच्या बाहेर गेले. पैलवान जिथून चालत येतात त्या लोखंडी उतरणीवर बँकवाल्यानं गवळ्याला उलटा उचलला आणि डोक्यावर सोडला.

गवळी पडून राहिला. हलला नाही. ओरडून बोलणारे समालोचक एकदम हळू बोलू लागले, मग बोलायचेच थांबले. डॉक्टर धावत आले. एक जण गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गवळ्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. दुसऱ्यानं मानेला पट्टा बांधला. मग सगळ्यांनी एकदम, आकडे मोजून, त्याला कुशीवर घेतला, खाली पिवळी फळी सरकवली आणि परत पाठीवर आणला. एवढं होईपर्यंत डोकं धरणाऱ्यानं हात सोडले नव्हते. पहिल्या रांगेतून गवळ्याची बायको कठडा ओलांडून आली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून रडू लागली.

मला माहीत होतं की हे खोटं आहे. पडताना बँकवाल्याचा हात मी बघितला होता. त्यानं डोकं जमिनीला लागू दिलं नव्हतं. तरी मला ते बघवेना. मी रिमोट घेतला.

"राहू दे," मालक म्हणाले.

"बंद करूया हे."

"राहू दे म्हटलं न्हवं." मग टीव्हीवरची नजर न काढता ते जोडीदाराला म्हणाले, "भावा, बघ. असं उचलायचं असतंय."

जोडीदार पेल्यात दूध ओतत होता. तो थांबला.

"डोकं धरलंय बघ त्यानं. अजून सोडलं न्हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा डाव समजावून सांगावा तसं बोलत होते. त्यामुळंच ऐकवत नव्हतं.

"आम्हांस्नी कुठं ठावं हुतं, भावा," जोडीदार म्हणाला.

"न्हवतंच की. मला तरी कुठं ठावं हुतं?"

जोडीदारानं किटली खाली ठेवली. कुणाकडं न बघता चपला घातल्या. "वहिनी, जाऊन येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला. पेल्यातल्या दुधावर साय धरली.

टीव्हीवर फळी ओढत उतरणीच्या टोकापर्यंत नेली होती. तिथं गवळ्यानं एक हात वर केला. लोक गरजले. त्यानं पट्टे सोडले, उठून बसला, मानेचा पट्टा ओरबाडून काढून गर्दीत भिरकावला आणि धावत येऊन बँकवाल्याला पाडला. तीनपर्यंत मोजणी झाली, फटाके उडाले, बायको हसत होती.

"उठला!" आत्ती ओरडल्या. त्यांनी हात जोडले होते. "उठला गं बाई, उठला!" आणि त्यांनी आपल्या लेकाकडं बघितलं.

माझं मत असं आहे. त्यांनी खुर्च्या मोडाव्यात, टेबलं मोडावीत, एकमेकांच्या बायका पळवाव्यात, काहीही करावं. मानेचं नाटक करू नये. गवळ्याच्या निरोपाला दुसरं काही सुचलं नाही असं होणार नाही, तिथं लिहिणारी माणसं पगारावर आहेत. आणि एकदा का लोकांना असा उठणारा दाखवला, की पुढं कुणी खरंच पडून राहिला तरी ते उठायची वाट बघत शिट्ट्या मारणार. आपल्याकडं तर ते न दाखवताच मारतात.

त्याच दुपारी भाकऱ्या थापता थापता आत्तींनी मला विचारलं, "ती गळ्याची पट्टी कुठं मिळती गं?"

"कुठली?"

"गवळ्याला घातलेली. ती घातली आन् उठला न्हवं?"

"आत्ती, त्याचं वेगळं हाय."

"वेगळं काय त्यात? मान ती मान."

मी समजावलं. म्हणजे असं समजावलं की गवळ्याला लगेच उपचार मिळाले, आपल्याला उशीर झालाय. ते खोटं आहे हे माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांनी मला जास्त विचारलं नाही, जोडीदाराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातला मानेचा पट्टा कागदी पिशवीत घालून तो दारातच ठेवून गेला, आत आला नाही. आत्तींच्या शब्दाला तो नाही म्हणू शकला नसता, कोणत्याच शब्दाला.

आत्तींनी पट्टा बांधला. मालकांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, त्याचा दोरा पट्ट्यात अडकला, तो त्यांनी हळूच बाहेर काढून छातीवर नीट ठेवला. मालक छताकडं बघत होते. मी खुणेनं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. तिला बरं वाटतंय."

मग रोज सकाळी उठल्यावर आत्ती आधी त्यांच्या पायाशी जायच्या. "अंगठा हलला का रं?" त्या पायांवरची चादर काढून बसायच्या, चहा होईपर्यंत. तो एप्रिल होता, पुढं मे आला. पंखा गरम वारा फेकायचा. पट्ट्याखाली घाम साठून हनुवटीखालची कातडी लाल झाली, मग सोलली, मग चिघळली. तिथं त्यांना जाणीव होती, मानेवरचं सगळं त्यांना कळायचं. मी पावडर लावून पट्टा सैल करायचे, आत्ती येऊन पुन्हा आवळायच्या. मी एकदा जोरात बोलले. "गुण यायला येळ लागतोय," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांच्या लेकाच्या आड येतेय.

शेवटी मालकांनीच सांगितलं. सकाळी आत्ती त्यांच्या कपाळाला अंगारा लावत होत्या.

"अव्वा, ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"ती टीव्हीवरची कुस्ती. सगळं आधी ठरलेलं असतंय. कोण पडणार, कोण उठणार. गवळ्याची मान मोडलीच न्हवती."

आत्तींची बोटं कपाळावर थांबली. "सगळं?"

"सगळं."

"आन् त्याची बायकू रडत हुती ती?"

"तीबी."

आत्ती माझ्याकडं वळल्या. मी मान हलवली. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मग तुझंबी खोटं हाय म्हण की," आत्ती म्हणाल्या.

मालकांनी नजर खिडकीकडं फिरवली.

"म्हण की रं लेका. एकदा म्हण तरी."

"म्हटलं असतं, अव्वा," मालक म्हणाले.

आत्तींनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडला. जखमेला चिकटलेला भाग पाण्यानं भिजवून हळूहळू काढला. मग मोरीत नेऊन साबण लावून धुतला, पिळला, आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वाळत घालायचा की टाकायचा हे त्यांना ठरवता येईना. मी त्यांच्या हातातून घेतला.

त्यानंतर घरात टीव्ही लागला नाही. मालकांनी लाव म्हटलं नाही, मी विचारलं नाही. जोडीदार यायचा बंद झाला होता. मी शिवायचे, आत्ती आत असायच्या. मालक खिडकीकडं तोंड करून पडायचे, आणि जेवण हळूहळू कमी झालं. हनुवटीखालची जखम भरली. पण पाऊस लागला, गादी आणि कपडे दमट राहू लागले, आणि कमरेखाली पाठीला नवी जखम झाली. ती त्यांना कळायची नाही, मलाच वासावरून कळली. तोवर ती हाडापर्यंत गेली होती. मग ताप आला आणि उतरेना.

रुग्णवाहिका बोलावली तेव्हा मी जोडीदारालाही फोन केला. तो पावसात तसाच पळत आला. रुग्णवाहिकेची दोन माणसं मालकांना चादरीसकट उचलायला वाकली.

"आधी डोकं धरा," मी म्हणाले.

"ताई, मानेचं जुनं हाय न्हवं? आता काय हुणार हाय?"

"मी धरतो," जोडीदार म्हणाला. त्यानं मालकांच्या डोक्याशी उभं राहून दोन्ही तळवे त्यांच्या कानांखाली घातले. आमचा जिना अरुंद आहे, उंच पायऱ्यांचा. तो उलटा, पाठमोरा उतरला, एकेक पायरी पायानं चाचपत, आणि खाली गाडीत ठेवेपर्यंत त्यानं हात सोडले नाहीत. मालक खालून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"घाम पूस की, भावा," म्हणाले. "माझ्या डोळ्यांत पडतोय."

दवाखान्यात आठवडाभर होते. जंतू रक्तात गेले होते. शेवटचे दोन दिवस ते फक्त पाणी मागत होते, आणि तेही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी कापूस ओला करून ओठांना लावायचे. ते गेले तेव्हा आत्ती घरी होत्या, जोडीदार औषधं आणायला गेला होता. मी एकटी होते. नर्सला हाक मारायच्या आधी मी त्यांची मान सरळ केली.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. गावाकडं नेऊन त्यांना अंघोळ घातली, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, डोकं पुढं पडू नये म्हणून कपाळावरून पट्टी घेऊन मागं खुंटीला बांधली. अंगभर अंगारा, गळ्यात फुलं, तळहातावर लिंग. इतकी वर्षं आडवा असलेला माणूस ताठ बसला होता. तालमीतली माणसं आली होती, मोठमोठी. आत्तींनी समोर बसून लेकाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बसला बघ," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. त्यांनी पुढं होऊन लेकाच्या गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. मग मालकांना उचलून फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत ठेवलं, आणि आमच्याच शेतात, बांधाशेजारी खड्डा काढला होता तिथं नेलं. पाऊस थांबला नव्हता. माती टाकताना ती चिकट झाली होती, फावड्याला धरून बसायची.

आत्ती गावात राहतील असं मला वाटलं होतं. पण पंधरवड्यानं त्या पिशवी घेऊन माझ्याबरोबर कोल्हापूरला आल्या. हवेची गादी मी देऊन टाकली. पलंग तिथंच आहे, त्यावर आता कापडाचे गठ्ठे असतात.

यंदा कार्यक्रमाची वेळ आली तेव्हा मी लावणार नव्हते. आत्तीच म्हणाल्या, "लाव. घर खायला उठतंय." त्या गहू निवडायला बसल्या, मी ब्लाउजांना हुक लावत बसले. गवळी निवृत्त झालेला नाही. जिंकला म्हटल्यावर कसा होईल? यंदा तो दुसऱ्याच कुणाशी लढला, फार दमलेला दिसला. माझ्या मते त्यानं आता थांबावं.

प्रत्येक वेळी कुणी जोरात पडला की आत्ती विचारायच्या, "ह्यो खरा पडला की खोटा?"

"खोटा, आत्ती."

त्या पुन्हा गव्हाकडं वळायच्या.

चौथी की पाचवी कुस्ती असेल. दोन तरणी पोरं होती, दोघांचंही नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. एकानं दोरावरून उडी घेतली, दुसऱ्यानं झेलायचं होतं, ते जमलं नाही. पडलेला मानेवर पडला. पंचानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. बाहेरच्या माणसांना तो कळवत होता की हे ठरलेलं नाही, खरोखर लागलंय. ज्यानं झेलायचं होतं तो वैरी असल्याचं विसरून गुडघ्यांवर बसला होता आणि त्यानं त्या पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. त्याचे ओठ हलत होते. लोक शिट्ट्या मारत होते.

"ह्यो?" आत्तींनी विचारलं. त्यांचा हात सुपात तसाच राहिला होता. "ह्योबी खोटाच न्हवं?"

"व्हय, आत्ती," मी म्हणाले. "खोटाच."

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. टीव्हीवर जाहिरात लागली.